स्लाइड स्कॅन करण्याआधी चौकटीचा फोटो घ्या
जुन्या बाजारात मिळालेल्या स्लाइड (पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेली फिल्मवरची पारदर्शक चित्रं) स्कॅन केल्या की चित्र हाती येतं, पण ते कधीचं, कुठलं हे हरवतं. ही माहिती अनेकदा चौकटीवरच असते.

म्हणून आधी चौकटीच्या दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो घ्या: हस्ताक्षर, क्रमांक, छापलेला महिना-वर्ष, सगळं. (छापलेला महिना बहुधा फिल्म धुतल्याचा असतो, चित्र त्याआधीचं.) मग धूळ हातपंपाने उडवा, पाणी लावू नका. स्कॅनरवर ३२०० डीपीआय (दर इंचाला इतके बिंदू) पुरेसं आहे. स्कॅनची मूळ टिफ (दर्जा न घटवता साठवलेली फाइल) जपून ठेवा, पाठवायला जेपेग करा आणि चौकटीच्या फोटोला स्कॅनचाच क्रमांक द्या.

स्लाइड कोडाक्रोम (कोडॅक कंपनीची जुनी रंगीत फिल्म) असेल तर स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई बंद ठेवा, बारकावे बिघडतात.

स्लाइड विकत घेतल्याने फोटोचा स्वामित्वहक्क मिळत नाही, हे सार्वजनिक करण्याआधी लक्षात घ्या.