स्क्रोल सॉचं ब्लेड कसं निवडायचं: आधी जाडी, मग नक्षी

स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक ब्लेड वर-खाली हलवून लाकडात वळणं कापणाऱ्या मशीनवर, नाजूक नक्षी कापायची तर सगळ्यात बारीक ब्लेड घ्या, असा सल्ला नवशिक्याला पहिल्याच दिवशी मिळतो. तो ऐकून १८ मिलिमीटरच्या फळीत केसासारखं ब्लेड घातलं जातं. लाकूड करपतं, रेघ एकीकडे नि काप दुसरीकडे जातो आणि शेवटी ब्लेड तुटतं. मग ‘माझा हातच बसत नाही’ असं वाटायला लागतं. हाताचा दोष क्वचितच असतो. ब्लेडचा नंबर आधी लाकडाच्या जाडीवरून ठरतो, नक्षीचा विचार त्यानंतर.

पिनवालं की साध्या टोकाचं

मशीन कोणतं ब्लेड धरतं ते आधी बघा: टोकांना आडवी पिन असलेलं, की बिनपिनेच्या साध्या टोकाचं. दोन्हींची लांबी सहसा १२७ मिलिमीटर, म्हणजे ५ इंच असते. दोन्ही चालत असतील तर डोळे झाकून साध्या टोकाचं घ्या. जाळीकामात ब्लेड भोकातून ओवावं लागतं. पिन आत जायला साधारण ५ मिलिमीटरचं भोक लागतं, तर साध्या टोकाचं बारीक ब्लेड १ मिलिमीटरच्या भोकातूनही जातं. शिवाय पिनवाल्यांत बारीक नंबर जवळजवळ मिळतच नाहीत.

दात्यांचा प्रकार

सुरुवातीला रिव्हर्स स्किप टूथ घ्या, बाकीचे प्रकार नंतर बघता येतील. स्किप टूथमध्ये मधले दाते गाळलेले असतात आणि त्या मोकळ्या जागेतून भुसा बाहेर पडतो. रिव्हर्समध्ये तळाचे काही दाते वर तोंड करून असतात. ब्लेड वर जाताना ते खालची कड साफ करतात, त्यामुळे प्लायवूडच्या खालच्या थराची कुसळं निघत नाहीत. मात्र हे दाते टेबलाच्या वर आले तरच त्यांचा उपयोग. मशीन हाताने फिरवून ब्लेड सगळ्यात वर आणा आणि मोजा: दोन ते तीन उलटे दाते टेबलावर दिसले पाहिजेत. एकही दिसत नसेल तर रिव्हर्स ब्लेड लावून काही मिळणार नाही. पाच-सहा दिसत असतील तर लाकूड वर उचललं जाऊन थडथडेल. मग ब्लेड थोडं खाली धरा, आणि गरज पडली तर खालच्या टोकाचा तुकडा पक्कडने तोडून टाका.

स्पायरल ब्लेड चारही बाजूंनी कापतं, लाकूड फिरवावं लागत नाही, म्हणून नवशिक्याला ते सोपं वाटतं. पण त्याची चीर रुंद आणि खरबरीत असते, ते ताणलं जातं आणि सरळ रेघ त्याने धड जात नाही. मशीनमध्ये फिरवता येणार नाही एवढी मोठी फळी असेल तेव्हाच ते काढा.

नंबर: खरी अडचण इथेच आहे

१ पासून १२ पर्यंत नंबर वाढतो तसं ब्लेड रुंद आणि जाड होतं. शून्याच्या पलीकडे मोजणी उलटते: २/० हे ० पेक्षा बारीक, ४/० त्याहून बारीक, अशी ती ८/० पर्यंत जाते. मापं कंपनीगणिक थोडी बदलतात, पण अंदाज असा धरा. २/० ची रुंदी सुमारे ०.६ मिलिमीटर आणि इंचाला २८ च्या आसपास दाते. ५ नंबरची रुंदी १ मिलिमीटरच्या जवळ, इंचाला १२ ते १३ दाते. ९ नंबर सुमारे १.३५ मिलिमीटर, दाते ११ ते १२.

आता हिशेब करा. कापताना लाकडाच्या जाडीत एका वेळी किमान दोन, शक्यतो तीन दाते असायला हवेत. ६ मिलिमीटरच्या फळीत ५ नंबरचे जेमतेम तीन दाते बसतात, म्हणून काम निभतं. तेच ब्लेड ३ मिलिमीटरच्या प्लायला लावलं तर दीडच दाता आत राहतो. दोन दात्यांमधल्या खाचेत प्लायची कड अडकते, तुकडा ब्लेडबरोबर उडतो आणि टेबलावर आपटतो. हा धक्का हाताला स्पष्ट कळतो. तो लागला की तुकडा आणखी घट्ट दाबून धरू नका, मशीन थांबवून बारीक नंबर लावा.

दुसऱ्या टोकाची चूक याहून जास्त घडते, आणि बारीक ब्लेडच्या सल्ल्याने होते ती हीच. २/० ब्लेडचे वीसएक दाते १८ मिलिमीटर लाकडात एकाच वेळी असतात. प्रत्येक दात्यापुढची खाच इतकी लहान असते की भुसा मावत नाही. त्यात ब्लेडची वर-खाली हालचाल बहुतेक मशीनवर १८ ते २२ मिलिमीटर एवढीच असते. लाकूड त्याहून जाड असेल तर मधले दाते कधी बाहेरच येत नाहीत, भुसा आतच घासत राहतो. घासून उष्णता वाढते, लाकूड करपतं, आपण जोर लावतो, ब्लेड मागे वाकतं आणि तुटतं. जाड लाकडाला मोठा नंबर लागतो तो ताकदीसाठी, आणि तितकाच भुशाला जागा मिळावी म्हणून.

मऊ किंवा मध्यम कठीण लाकडासाठी मी असे नंबर सांगेन:

३ मिलिमीटर: २/० ते १
६ मिलिमीटर: १ ते ३
१२ मिलिमीटर: ३ ते ५
१८ ते २० मिलिमीटर: ५ ते ७
२५ मिलिमीटर: ७ ते ९
त्याहून जाड: ९ ते १२

दोन-तीन पातळ फळ्या एकावर एक चिकटवून कापत असाल तर एकूण जाडी धरा. शिसवीसारखं कठीण लाकूड असेल तर एक नंबर वर जा. वळणं फार आवळलेली असतील तर एक नंबर खाली या. लाकूडही कठीण आणि वळणंही आवळलेली असतील तर नंबर आहे तोच ठेवा, वेग कमी करा आणि लाकूड सावकाश पुढे सरकवा.

इथे एक गोष्ट मनावर घ्या. नक्षीसाठी दोन नंबरांहून जास्त खाली उतरू नका. तेवढ्यानेही वळण बसत नसेल तर चूक नक्षीच्या आकारात किंवा फळीच्या जाडीत आहे. नक्षी मोठी करून छापा किंवा पातळ फळी घ्या. टोकदार कोपऱ्यासाठीही बारीक ब्लेड लागत नाही: एका बाजूने कोपऱ्यापर्यंत जा, त्याच चिरेतून मागे या आणि दुसऱ्या बाजूने येऊन तिथेच मिळा.

नंबर बरोबर आहे का, हे तुकड्यावर बघा

त्याच लाकडाच्या, त्याच जाडीच्या उरलेल्या तुकड्यावर एक नागमोडी रेघ आणि एक आवळलेलं वळण कापा. कड सगळीकडे काळी पडली तर नंबर बारीक आहे किंवा ब्लेड बोथट आहे. फक्त वळणावर काळी पडली तर ब्लेड रुंद आहे, त्याची पाठ घासते आहे. कापलेल्या कडेला पोट आलं असेल, म्हणजे वर-खाली रेघ बरोबर पण मध्ये फुगवटा, तर ताण कमी आहे किंवा तुम्ही ढकलता आहात.

रेघ सतत एकाच बाजूला, बहुधा उजवीकडे, सरकत असेल तर नंबर बदलून फायदा नाही. साध्या ब्लेडच्या एका बाजूला बनवतानाची कूस, म्हणजे धातूची बारीक उठलेली कड, राहते आणि ती बाजू जास्त कापते. लाकूड किंचित तिरकं ठेवून पुढे सरकवा, दोन-तीन तुकड्यांत सवय होते. याच कारणाने स्क्रोल सॉवर सरळ पट्टी बांधून कापायच्या फंदात पडू नका.

लावणं आणि ताण

प्लग काढा. नव्या ब्लेडला तेल असतं, दोन्ही टोकं पुसून घ्या, नाहीतर ती चिमट्यातून निसटतात. दात्यांवरून बोट अलगद खालून वर न्या. बोटाला अडकायला हवं, म्हणजे दाते खाली तोंड करून आहेत. ताण दिल्यावर ब्लेड बोटाने छेडलं तर स्वच्छ, उंच आवाज यावा, आणि बाजूने दाबल्यावर ते ३ मिलिमीटरहून जास्त हलू नये.

काय विकत घ्यायचं

सगळ्या नंबरांची एकेक-दोन ब्लेडं असलेला मिश्र संच घेऊ नका. त्यातली निम्मी पडून राहतात आणि हवा तो नंबर पहिल्याच कामात संपतो. रिव्हर्स स्किप टूथमध्ये १, ५ आणि ७ नंबर डझनाने घ्या. ३ ते २० मिलिमीटरपर्यंतची बहुतेक कामं यात होतात.

डझन एवढ्यासाठी, की ब्लेड फार टिकत नाही. कठीण लाकडात पंधरा-वीस मिनिटांतही धार जाते, प्लायवूडमधला गोंद आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून बनवलेली फळी) ती आणखी लवकर घालवतात. लाकूड पुढे न्यायला बोटांनी जोर द्यावा लागतोय असं वाटलं की त्याच क्षणी बदला, तुटायची वाट बघू नका. पातळ फळीत ब्लेडचा एकच पट्टा झिजतो, त्यामुळे टेबलावर १० मिलिमीटरची सपाट फळी चिकटवून वरचे ताजे दाते वापरता येतात. मात्र तेव्हा तळाचे उलटे दाते लाकडापर्यंत पोचत नाहीत, म्हणून खालची बाजू दिसणार असेल त्या कामाला हा उपाय करू नका.