आकाशकंदिलाचा कागद रात्रीत सैल पडत असेल तर (माझा अनुभव)

संध्याकाळी ताणून चिकटवलेला पतंगी कागद सकाळी लोंबलेला, कडा सुटलेल्या. फोंड्याकडे ऑक्टोबरात हवा दमट असते, वर पहाटेचं दंव. जाड कागद लावला तर उजेडच अडला, चिकटपट्टी सुटली. वैताग नुसता!

शेवटी जमलं ते असं, क्रम बदलू नका. बांबूच्या काड्या वाळलेल्याच घ्या. ओल्या काड्या नंतर आकसतात, सांगाडा वाकडा होतो. मैद्याची खळ शिजतानाच चिमूटभर तुरटी घाला, म्हणजे बुरशी धरत नाही. खळ काडीला लावायची, कागदाला नाही. चिकटवलेलं पूर्ण सुकलं की स्प्रेच्या बाटलीने पाण्याचे अगदी बारीक तुषार मारून सावलीत ठेवा. वाळताना कागद आकसतो आणि डफासारखा ताणला जातो. (रंग उतरतो का ते आधी कपट्यावर बघा, लाल कागद हमखास दगा देतो.) तो परत सैल पडायच्या आत पारदर्शक वार्निशचा पातळ हात फिरवा, दोन्ही बाजूंनी. दमटपणा अडवतं ते हेच. वार्निशचा वास गेल्यावरच बल्ब, तोही एलईडीचा. शेपट्या सगळ्यात शेवटी.