जाम घाटात गाडी तापली तेव्हा

महेश्वरहून इंदूरला परतताना जाम घाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. मागे आई बसली होती. एसी बंद केला, इंजिनची उष्णता बाहेर काढायला हीटर पूर्ण चालू केला आणि कडेला जागा दिसताच इंजिन बंद केलं. रेडिएटरचं झाकण मात्र उघडलं नाही. दाबाखालचं उकळतं पाणी सरळ तोंडावर उडतं. पाऊण तास तसेच थांबलो.

रामबागेत घराजवळच्या मिस्त्रीकाकांनी रेडिएटरमधलं पाणी बाटलीत काढून दाखवलं: गढूळ, गंजाच्या रंगाचं. "अहो, हे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव नाही, बोअरिंगचं पाणी आहे."

खरं होतं. दोन वर्षं मी तेच भरत होतो. त्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचले, गंज रोखणारं द्रव्य विरत गेलं आणि थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, अर्धवट उघडून अडकला.

सगळं फ्लश केलं, म्हणजे आतून धुऊन काढलं. थर्मोस्टॅट, रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) आणि झाकण नवं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून आत अडकलेली हवा काढली. हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) वाचलं, नाहीतर इंजिन उघडावं लागलं असतं. आईला भर उन्हात बसवावं लागलं, याचं अजून वाईट वाटतं. आता दर रविवारी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी बघतो.