ईएससी बंद करताय? या चुका टाळा

चिखलात रुतलेली गाडी काढायला कधीकधी ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की चाकांना आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, बंद करावी लागते, हे मान्य. चाक जागेवर फिरू लागलं की यंत्रणा इंजिनाची ताकद कमी करते, आणि चिखलात तर चाक थोडं फिरल्याशिवाय गाडी हलत नाही. पण पाच मिनिटांसाठी बंद केलेली ही यंत्रणा लोक घरापर्यंत तशीच ठेवतात. दर पावसाळ्यात हेच बघतोय.

मागच्या जुलैत वैजापूरकडे शेताच्या वाटेवर पुतण्याची गाडी रुतली. काळी माती, टायरच्या खाचा गच्च भरलेल्या. मी म्हटलं, "बटण एकदाच दाब." बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक जागेवर फिरू न देणारा भाग, बंद होतं, आणि रुतलेल्या गाडीला तेवढं पुरतं. त्यानं घाईत 4-5 सेकंद दाबून धरलं, सगळंच बंद. चाकाखाली गोणपाट घातल्यावर गाडी निघाली. डांबरी रस्ता लागला, वरून भुरभुर सुरूच. वळणावर बैलगाडी दिसली आणि त्यानं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला. मागची बाजू सटकली, गाडी आडवी झाली आणि मागचं दार बाभळीला घासत गेलं. वेग 50 च्या आत होता. ईएससी चालू असती तर बाहेरच्या पुढच्या चाकाला तिनं स्वतःच ब्रेक लावला असता. कुणाला लागलं नाही, पण मागे बसलेल्या वहिनींनी माझी सीट दोन्ही हातांनी आवळली होती, ते अजून विसरलो नाही. 'ऑफ'चा पिवळा दिवा शेतापासून जळत होता. आमच्यापैकी एकानंही तिकडे बघितलं नव्हतं.

तेव्हापासून डांबराला चाक लागलं की मी थांबतो. काटकीनं खाचांतली माती काढतो, इंजिन बंद करून पुन्हा सुरू करतो. बहुतेक गाड्यांत तेवढ्यानं ईएससी परत चालू होते. मग 'ऑफ'चा दिवा विझलाय ना, ते बघूनच निघतो. "वेग वाढला की ती आपोआप येते" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. काही गाड्यांत येते, काहींत नाही. आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा.

फ्यूज उपटू नका. व्हिडिओ बघून हे करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससीचं युनिट एकच असतं, त्यामुळे फ्यूजबरोबर एबीएसही जातं आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की चाकं लॉक होतात.

ओल्या घाटात पिकअपसाठी ईएससी बंद करणं हा निव्वळ वेडेपणा. चालवताना ईएससीचा दिवा लुकलुकला तर घाबरू नका, यंत्रणा काम करतेय. पाय हलका करा. 'ऑफ' केलेलं नसताना दिवा स्थिर पेटून राहिला तर गॅरेज गाठा. चारही टायर कंपनीनं दिलेल्या मापाचेच ठेवा.

आणि रुतल्या रुतल्या बटण शोधू नका. खाली उतरा, चाकापुढची माती खोऱ्यानं ओढा, गोणपाट घाला, दुसरा गिअर टाका, पाय हलका ठेवा. माझी गाडी पुष्कळदा एवढ्यावरच निघते.