‘समजलं का?’ ऐवजी काय विचारावं

‘समजलं का?’ म्हटलं की वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’वर मी विसंबत नाही. मुलं खोटं बोलत नसतात. सोडवलेलं गणित फळ्यावर समोर दिसत असतं, म्हणून आपल्यालाही ते येतंय असं त्यांना मनापासून वाटतं. त्यामुळे फळा पुसल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी विचारा. आणि विचारा असं : ‘येतं, हे तुला कशावरून कळलं?’

तिसरीतल्या एका मुलीने ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं होतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातूनच दोन वजा केले होते. मी फुली मारली नाही. ‘ताळा करून बघ,’ एवढंच म्हटलं. तिने ३५ मध्ये २७ मिळवले, ६२ आले. थोडा वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘हातचा राहिला.’ चूक तिची तिलाच सापडली, की ती पुढच्या गणितात स्वतःहून तिथे थांबते.

गणिताला ताळा आहे, निबंधाला नाही. तिथे चांगलं म्हणजे काय, ते आधी ठरवावं लागतं. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या शिक्षण-संशोधकांनी १९९८ मध्ये हेच मांडलं होतं : कुठे पोचायचं आहे याचं चित्र स्पष्ट असेल, तरच मुलं स्वतःला जोखू शकतात. मी नावं न लिहिलेले दोन उतारे वाचून दाखवते. कोणता आवडला, का आवडला? ‘यात कुत्रा कसा दिसतो ते कळतं,’ असं कुणी म्हणालं, की तेच शब्द फळ्यावर लिहिते. मुलांच्या शब्दांतले असे तीन निकष पुरतात. मग प्रत्येकाने आपल्या लिखाणात त्याचा पुरावा शोधून अधोरेखित करायचा.

स्वतःला गुण द्यायला मात्र सांगू नका. लगेच तुलना सुरू होते. येतं त्याला हिरवा, थोडं अडलं तर पिवळा, येत नाही त्याला लाल असा ठिपका चालतो, पण वहीत, शेजाऱ्याला न दाखवता. पिवळ्या-लालपुढे ‘कुठे अडलं’ ते एका ओळीत लिहायचं. ‘मला काहीच येत नाही’ म्हणणाऱ्या मुलासमोर त्याचीच महिन्यापूर्वीची वही उघडून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी लाल ठिपकेवाल्यांना घेऊन आधी बसते. आपण लिहिलेलं बाई वाचतात, त्यावरून काही बदलतं, हे दिसलं तरच मुलं पुढच्या वेळी खरा ठिपका देतात.