परदेशातली पीएच.डी., तीही फेलोशिपवर : मानव्यशाखेच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

दर वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास एक मेसेज हमखास येतो. "सर, लंडनला पीएच.डी.साठी ॲडमिशन मिळाली. आता स्कॉलरशिपला कुठे अर्ज करू?" मुलगा हुशार असतो, विषय बरा असतो, ऑफर लेटरही खरं असतं. फक्त त्या वर्षीच्या पैशांचं दार जानेवारीतच बंद झालेलं असतं.

गेली काही वर्षं मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, नाट्यशास्त्र अशा विषयांतल्या मुलांचे अर्ज वाचतो आहे, बहुतेक ब्रिटनसाठीचे. एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. अर्ज फसतो तो आळसामुळे क्वचितच. आपल्याकडे जे बरोबर असतं तेच मुलं तिथे करतात आणि तिथेच घोटाळा होतो. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका या जातीच्या आहेत.

आधी नोंदणी, मग पैसे

आपल्याकडचा क्रम ठरलेला आहे. पेट म्हणजे पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा द्यायची, मार्गदर्शक मिळवायचा, आरआरसी या विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा मांडायचा, नोंदणीचं पत्र हातात घ्यायचं आणि मग त्या पत्राच्या जोरावर बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातीची वाट बघायची. तिकडे हा क्रम चालत नाही. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या पीएच.डी.च्या पैशांचा निकाल लावणारी तारीख साधारण आदल्या डिसेंबर-जानेवारीत असते. प्रवेशाचे अर्ज त्यानंतरही घेतले जातात, म्हणून मुलं फसतात.

ऑक्सफर्डची क्लॅरेंडन शिष्यवृत्ती घ्या. तिला वेगळा फॉर्मच नाही. डिसेंबर किंवा जानेवारीच्या ठरलेल्या तारखेआधी प्रवेशअर्ज पोचला की तुमचा विचार आपोआप होतो, तारीख हुकली की होत नाही. इतर बऱ्याच ठिकाणी उलट असतं. आधी प्रवेशअर्ज, त्याचा क्रमांक आला की शिष्यवृत्तीचा स्वतंत्र फॉर्म, आणि दोन्हींची तारीख वेगळी. त्यामुळे विद्यापीठाच्या पानावर एक तारीख दिसली की वाचन थांबवू नका, दुसरी शोधा.

ब्रिटनमध्ये मानव्यविद्यांसाठीचा सरकारी पैसा एएचआरसी या परिषदेकडून येतो आणि विद्यापीठांमार्फत वाटला जातो. २०२१-२२पासून त्यात परदेशी विद्यार्थ्यांनाही पूर्ण पाठ्यवृत्ती मिळू शकते, मात्र एका तुकडीत साधारण ३० टक्क्यांपर्यंतच. २०२५-२६साठी किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड होतं. परिषद फीसाठी जी रक्कम धरते ती मात्र स्थानिक विद्यार्थ्याच्या फीइतकी, म्हणजे त्या वर्षी ५,००६ पौंड. परदेशी विद्यार्थ्याची फी याच्या कितीतरी पट असते. जाहिरातीत 'फी समाविष्ट' असं वाचून पेढे वाटण्याआधी एक ईमेल करा : कोणती फी, आणि उरलेली कोण भरणार? उत्तर लेखी घ्या.

एक खर्च जवळजवळ कोणीच धरत नाही. व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड, आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. चार वर्षांचे तीन लाख रुपयांहून जास्त होतात. पहिलं विद्यावेतन हातात पडायच्या कितीतरी आधी ही रक्कम खात्यात लागते. काही शिष्यवृत्त्या तो देतात, काही देत नाहीत.

नियमावलीचं शेवटचं पान

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे. २०२२मध्ये तिच्या नियमांत बदल झाला : भारताची संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास असा विषय असेल तर ही शिष्यवृत्ती नाही. म्हणजे नेमके आपल्या मुलांचे विषय बाहेर. हा नियम मला साफ चुकीचा वाटतो, त्यावर टीकाही भरपूर झाली. पण अर्ज करणाऱ्याने तो माहीत करून घेऊन मगच अर्ज करावा. ज्या वर्षी अर्ज करताय त्याच वर्षीची नियमावली उघडा, मित्राकडची जुनी पीडीएफ चालणार नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी, तिचे निकषही वेगळे. तिथे विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघितलं जातं. तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा लागतो, हे दोन्हीकडे तपासा.

फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनचं सोआस या विद्यापीठांत भारतीय विद्यार्थ्यांना मिळते. पण परदेशात आधी वर्षभर किंवा जास्त शिकलेल्यांना ती नाही. 'आधी कर्ज काढून एक वर्षाचं एम.ए. तिकडे करतो, मग पीएच.डी.ची फेलोशिप सहज मिळेल' हा सल्ला बरेच कन्सल्टंट देतात. तो घेण्याआधी या अटीचा विचार करा.

'एक चिकित्सक अभ्यास'

आता मुख्य चूक.

आपल्या सिनॉप्सिसचा साचा पाठ असतो : प्रस्तावना, विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती व मर्यादा, संशोधन पद्धती, प्रकरणयोजना, संदर्भसूची. आरआरसीला तो हवाच असतो. मुलं तोच इंग्रजीत उतरवतात आणि पाठवतात. तिकडच्या हजार-दीड हजार शब्दांच्या प्रस्तावात 'महत्त्व' आणि 'उद्दिष्टे' यांतच निम्मी जागा जाते आणि प्रश्न कुठेच नसतो.

एक नमुना घेऊ. शीर्षक : 'मराठी नाटकांतील राष्ट्रवाद : एक चिकित्सक अभ्यास'. पहिल्या परिच्छेदात १८४३, सांगली, विष्णुदास भावे, मग अण्णासाहेब किर्लोस्कर, मग 'महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात नाटकाचे स्थान अनन्यसाधारण आहे'. आता हा कागद कोण वाचतं ते बघा. प्रवेशाचा निर्णय तुमच्या विषयाजवळची माणसं घेतात. पैशांचा निर्णय घेणाऱ्या समितीत मात्र एखादा मध्ययुगीन फ्रान्सचा अभ्यासक असतो, एखादी संगीतशास्त्रज्ञ, एखादा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. त्यांच्यासमोर ढीगभर अर्ज असतात. नाटकाचं स्थान अनन्यसाधारण असल्याचं त्यांना ऐकायचंच नसतं. काय माहीत नाही, ते कसं शोधणार आणि साडेतीन-चार वर्षांत होईल का, एवढंच ते बघतात.

तोच विषय असा मांडून बघा. १८७६च्या कायद्याने नाटकाचा प्रयोग थांबवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९१०मध्ये बंद करण्यात आलं, कारण कीचकाच्या आडून व्हाइसरॉय राहिलेल्या कर्झनवर निशाणा आहे असं मानलं गेलं. पण मराठी न येणाऱ्या अधिकाऱ्याला हे कळलं कसं? कुणीतरी संहिता वाचली, तिचा इंग्रजी सारांश केला, कुठल्या संवादावर बोट ठेवायचं ते ठरवलं. हे 'कुणीतरी' कोण होते? सारांशात नाटकाचं काय उरत होतं आणि काय गळत होतं? एवढं लिहिलं की फ्रान्सवाल्यालाही उत्सुकता वाटते, कारण परक्या भाषेतला मजकूर वाचून निकाल देणारं राज्य हा त्याच्याही ओळखीचा प्रश्न आहे. आणि आता लंडनला जायला कारण सापडलं : भारताचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या इंडिया ऑफिसची कागदपत्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई सरकारची मुंबईच्या पुराभिलेखागारात.

हा विषय कोणाला घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण आधी मुंबईचं पुराभिलेखागार आहे त्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जाऊन पुरेशा फायली आहेत का ते बघून या. साधनं न बघता विषय ठरवणं ही पुढची चूक. प्रस्तावात 'पुराभिलेखागारातील कागदपत्रांचा उपयोग केला जाईल' असं मोघम वाक्य असतं. त्याऐवजी कोणत्या खात्याच्या, कोणत्या वर्षांच्या फायली, त्यातल्या दोन स्वतः पाहिल्या, असं लिहा. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पणजीत गोव्याचे पुराभिलेख आहेत. इथे राहणाऱ्याला दोन दिवस तिथे घालवणं सहज शक्य आहे. तिकडच्या स्पर्धकाला त्यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागतं. हा आपला फायदा असताना तो अर्जात दिसत नाही याचं नवल वाटतं.

सगळा प्रकल्प एकाच दालनावर मात्र टांगू नका. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिचा ऑनलाइन कॅटलॉगसुद्धा काही महिने बंद होता. अमुक साधन मिळालं नाही तर काय, यावर दोन ओळी असलेला अर्ज त्यानंतर जास्त विश्वासाचा वाटू लागला.

"तूच लिहून आण, मी सही करतो"

शिफारसपत्राचं आपल्याकडे हेच होतं. सरांचा त्यात वाईट हेतू नसतो. त्यांच्याकडे परीक्षेचं काम असतं, नॅकची टीम यायची असते. परिणाम असा की पत्रात 'ही विद्यार्थिनी कष्टाळू, प्रामाणिक आणि आज्ञाधारक आहे' असं येतं. तिकडे 'आज्ञाधारक' हा संशोधकाचा गुण धरत नाहीत. शिवाय अर्जाची यंत्रणा शिफारसकर्त्याला थेट लिंक पाठवते, आणि ती कॉलेजच्या ईमेलवर जावी अशी अपेक्षा असते. सरांचा कॉलेजचा ईमेल तीन वर्षांत उघडलेलाच नसेल तर ते सप्टेंबरमध्येच कळायला हवं.

स्वतःचं पत्र स्वतः लिहू नका. तीन पत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला ते कळतं. त्याऐवजी सरांना एक पान द्या : तुमच्या प्रबंधिकेचा विषय, त्यांच्या वर्गात लिहिलेला निबंध, त्यावर त्यांनीच घेतलेली हरकत, तुमचा नवा प्रश्न. 'एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी हिने माझ्याशी वाद घातला आणि तिचा मुद्दा बरोबर निघाला' असं एक वाक्य सरांच्या हातून आलं, तर ते दहा विशेषणांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. आणि हे दिवाळीच्या सुटीआधी द्या. सुटीनंतर सत्रपरीक्षा लागतात आणि मग सर सापडत नाहीत.

मार्गदर्शकाला पहिला ईमेल

'रिस्पेक्टेड सर' म्हणून सुरू झालेला ईमेल बाईंना गेलेला मी पाहिला आहे. तीस जणांना एकच मजकूर पाठवला की असं होतं. तीनच जणांना लिहा, पण त्यांचं निदान एक प्रकरण वाचून. आपण कोण, प्रश्न काय, त्यांच्या कामाशी तो कुठे भिडतो, या वर्षी विद्यार्थी घेणार का, एवढं बारा-पंधरा ओळींत बसतं. विद्यापीठाच्या क्रमवारीचं कौतुक नको. एआयकडून लिहून घेतलेला गुळगुळीत ईमेल तर नकोच. तसे त्यांना रोज येतात. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढे जा. अमेरिकेत निर्णय बहुतेक समितीचा असतो, त्यामुळे तिथे या ईमेलला वजन कमी. ब्रिटनमध्ये मात्र पैशांच्या स्पर्धेत विभागाने तुमचं नाव पुढे करावं लागतं आणि त्यासाठी आतून कुणीतरी बोलणारं हवं.

भाषेचा न्यूनगंड

मराठी माध्यमातली मुलं आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला घाबरतात. सात किंवा साडेसातची अट असली तर ती गाठायची, विषय संपला. निकाल दोन वर्षं चालतो एवढं लक्षात ठेवून परीक्षेची तारीख घ्या. त्यापेक्षा गंभीर चूक म्हणजे मराठीत लिहिलेली प्रबंधिका लपवणं. लेखननमुना म्हणून तिच्यातलं एक प्रकरण इंग्रजीत आणा आणि मूळ लेखन मराठीत असल्याचं स्पष्ट लिहा. तुम्ही मूळ साधनं वाचू शकता याचा तो पुरावा आहे.

'मोडी येते' एवढंच लिहून भागत नाही. छापील मोडी येते की अठराव्या शतकातलं घसटलेलं पत्र वाचता येतं, यात फार अंतर आहे. गोव्यावर काम करणाऱ्याने 'पोर्तुगीज शिकणार आहे' असं लिहू नये. वर्गाला नाव घालून 'शिकतो आहे' असं लिहावं.

पैशांविना ऑफर आली तर

प्रतीक्षायादीत नाव असेल तर होकार कळवून थांबा. वरच्यांपैकी कुणी दुसरीकडे गेलं की जागा सरकते. प्रवेश पुढच्या वर्षी ढकलता येतो का ते विचारा, पण पैशांसाठी पुन्हा नव्याने स्पर्धा करावी लागेल हे गृहीत धरा. प्रस्तावात काय कमी पडलं हे होणाऱ्या मार्गदर्शकाला विचारा, बरेच जण मोकळेपणाने सांगतात. कर्ज काढून जाऊ नका. मानव्यविद्यांत ते फेडण्याजोगी नोकरी पुढे उभी नसते, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि दर वेळी कुणीतरी रागावतं. अमेरिकेची आशा धरणाऱ्यांनीही सावध राहावं : शिकागो विद्यापीठाच्या कला-मानव्य विभागाने २०२६-२७साठी अनेक शाखांतले पीएच.डी. प्रवेश थांबवले आहेत.

आणि इथली वाट सोडू नका. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. खुल्या गटातल्या मुलग्यांना वयाची मर्यादा ३० आहे, महिलांना आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत आहे. ब्रिटनचे निकाल साधारण मार्च-एप्रिलमध्ये लागतात. जूनच्या नेटचा फॉर्म बहुधा एप्रिल-मेमध्ये निघतो, म्हणजे नकार आला तरी तो भरायला वेळ असतो.