सर्व्हरवर कोणती भाषा? आधी स्क्रिप्ट कुठे चालणार ते पाहा

पीएचपी, पायथन की लुआ, हे ठरवण्याआधी स्क्रिप्ट वेब सर्व्हरच्या प्रोसेसमध्ये (त्याच्या चालू प्रोग्रॅममध्येच) चालणार की बाहेर, ते ठरवा. पुढच्या निम्म्या अडचणी इथूनच निघतात.

अपाची या वेब सर्व्हरमध्ये मॉड_पीएचपी हे मॉड्यूल लावलं की इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक अपाची प्रोसेसमध्ये जाऊन बसतो. मग साधं चित्र पाठवायलाही तीच जड प्रोसेस अडकते. एंजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरसोबत सहसा पीएचपी-एफपीएम ही पीएचपी चालवणारी वेगळी सेवा ठेवतात आणि सर्व्हर तिला सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅममधल्या जोडणीवरून) विनंती देतो. नवशिक्यांनी हीच रचना घ्यावी, कारण बिघाड कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळतं. ब्राउझरमध्ये ५०२ हा एरर कोड आला तर एफपीएम बंद आहे, सॉकेटचा पत्ता चुकला आहे किंवा परवानगी नाही. ५०४ आला तर स्क्रिप्टने ठरलेल्या वेळेत, सेटिंग बदललं नसेल तर ६० सेकंदांत, उत्तर दिलेलं नाही. नुसतंच ‘फाईल नॉट फाउंड’ दिसलं तर एंजिनएक्सच्या सेटिंगमधलं स्क्रिप्ट_फाईलनेम तपासा, त्यातूनच एफपीएमला फाईलचा पत्ता कळतो.

एफपीएमने एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस चालवायच्या ते ठरवणारं पीएम.मॅक्स_चिल्ड्रन अंदाजाने वाढवू नका. समजा १ जीबी रॅम आहे, डेटाबेस आणि सिस्टिमला ५०० एमबी लागतात आणि एक पीएचपी प्रोसेस ५० एमबी खाते. म्हणजे १० प्रोसेस बसतात. तिथे ४० लिहिलं तर गर्दीत मशीन स्वॅपमध्ये जातं, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरू लागतं, आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बहुतेकदा डेटाबेसलाच मारतो. आपल्या प्रोसेसचा खरा आकार आधी ‘पीएस’ या कमांडने बघा.

पायथनचीही रचना हीच, फक्त मध्ये गुनिकॉर्न हा पायथन चालवणारा सर्व्हर येतो. प्रोसेसरच्या कोअरच्या दुप्पट अधिक एक इतके वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस) ही सुरुवात ठीक आहे, पण रॅमचा हिशेब इथेही सुटत नाही.

लुआ मात्र ओपनरेस्टीत, म्हणजे लुआची सोय असलेल्या एंजिनएक्सच्या आवृत्तीत, थेट एंजिनएक्सच्या वर्करमध्ये चालते. टोकन तपासणं, हेडर बदलणं, विनंती योग्य ठिकाणी वळवणं यासाठी तिच्याइतकं हलकं क्वचितच काही मिळेल. पण एक वर्कर हजारो जोडण्या सांभाळत असतो. तिथे ओएस.एक्झिक्यूट (बाहेरची कमांड चालवणारं फंक्शन) किंवा लुआसॉकेट (नेटवर्कची साधी लायब्ररी) वापरलं की तो उत्तर येईपर्यंत थांबतो आणि त्याच्यावरचे सगळे ग्राहक ताटकळतात. लुआ-रेस्टी नावाने सुरू होणाऱ्या, न अडवणाऱ्या लायब्रऱ्याच घ्या. शिवाय ओपनरेस्टीत लुआ चालवणारं लुआजिट मुळात लुआ ५.१ वर बेतलेलं आहे, त्यामुळे ५.३ मधला पूर्णांक भागाकार तिथे चालत नाही.

फॉर्म आणि डेटाबेसची साइट असेल तर पीएचपी घ्या. बाकीचं काम आधीच पायथनमध्ये असेल तर पायथन. लुआकडे वळायचं ते एंजिनएक्सचा एरर लॉग वाचता येऊ लागल्यावर.